टाकीखाली हंडे आणि माझा व्हॉल्व्ह

चहा उकळेपर्यंत सांगतो, पण एका अटीवर. इथं काय हसायचं ते हसून घ्या, आमच्या गावात आलात तर ह्या विषयाचं नाव काढू नका. तिथं अजून कुणाला हसू येत नाही.

मी जुन्या गाडीचा एक पार्ट आणायला बीडला गेलतो. बस, एवढंच. माणूस बीडला जातो, पार्ट घेतो, मिस्त्री बसवतो, गाडी चालू. आता ह्यात गाढवपणा करायला जागा कुठं आहे, तुम्हीच सांगा. मला सापडली.

आमचं गाव वडवणीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत. मी तिथल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. ते साल म्हणजे लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेलेला. जनावरं छावणीला, माणसं निम्मी ऊसतोडीला, आणि सोसायटीत दूध इतकं कमी की कॅन उचलला तर आत दूध आहे का नुसता आवाज, ते झाकण उघडल्याशिवाय कळायचं नाही. तरी मी रोज सकाळी जाऊन बसायचो. सेक्रेटरी म्हणल्यावर बसायला तर पाहिजे.

घरी बायको सुमन आणि माझे वडील, आप्पा. आप्पांच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस. मशीनला जोडायचं, सगळं रक्त बाहेर काढून धुवायचं, परत आत सोडायचं. वर डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं. पाण्याचं रेशन तसं आख्ख्या गावालाच होतं, आप्पांचं तेवढं डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं. टँकर आला नाही की बाकीचे शिव्या द्यायचे आणि आप्पा म्हणायचे, "चला, आज सगळ्यांनाच पथ्य."

तर ह्या बीडच्या फेऱ्यांसाठी मी एक जुनी डिझेल गाडी घेऊन ठेवली होती. एसटीत आप्पांना उभं राहावं लागायचं आणि येताना ते हातात मावत नाहीत इतके ढिले झालेले असायचे. गाडी नसली की आप्पांचं काय होईल, ह्याचा विचार मी करत नव्हतो. म्हणजे करायचो, पण अर्ध्यावर सोडून द्यायचो.

आणि नेमकी गाडी धूर ओकायला लागली. काळा, दाट धूर. चढ आला की दम टाकायची, सिग्नलला उभी केली की बंद पडायची. वडवणीचे रशीदभाई मिस्त्री आले, बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि कोपरापर्यंत काळा झालेला हात बाहेर काढून म्हणाले, "सेक्रेटरी, ईजीआर व्हॉल्व्ह गया तुमारा."

"म्हणजे काय गेलं?"

"देखो, इंजनाचा धूर थोडा वापस इंजनात जातो. एका झडपेतून. झडप उघडायची, बंद व्हायची. आता काजळी बसून ती उघडीच अडकली. धूरच धूर आत जातोय, हवा मिळत न्हाई. दम घुटता उसका. दोनदा मैने साफ केला, आता आतून घासून गेला. नवा बघा."

आप्पा ओट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "रशीद, माझं रक्त बाहेर काढून साफ करून परत घालतेत. ही गाडी घाण बाहेर काढून परत आतच घालती? हे कुणी काढलं डोकं?"

"सरकारनं, आप्पा. हवा खराब होऊ नये म्हणून."

"मग ठीक हाय," आप्पा म्हणाले. "सरकारनं काढलं असंल तर असंच असणार."

आता व्हॉल्व्ह कोणता घ्यायचा? रशीदभाईंनी चार रस्ते सांगितले. कंपनीचा नवा, तो मागवावा लागणार, कधी येईल भरवसा नाही. बाजारातला डुप्लिकेट, तो लगेच मिळतो आणि लगेच जातो. नाहीतर बीडच्या जुन्या बाजारात भंगारात निघालेल्या गाडीचा ओरिजिनल बघायचा. चौथा रस्ता म्हणजे मधी पत्र्याची पट्टी ठोकून ती झडपच कायमची बंद करायची. रशीदभाईंना तो चौथा आवडत होता. मला नाही आवडला. मी मोबाइलवर वाचलं होतं की असं केल्यानं इंजिन तापतं. रस्त्यात इंजिन तापलं, आत आप्पा, वरून वैशाखाचं ऊन, आणि रेडिएटरमध्ये ओतायला पाणी मागायचं कुणाला? तेव्हा ओरिजिनल घ्यायचं ठरलं, भंगारातला का होईना. आणि ओळखायचं म्हणाल तर मी दुधाला फॅट लावणारा माणूस. दुधात पाणी किती, हे मी मशीनच्या आधी सांगतो. मला कोण फसवणार?

आता इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे. ती मला त्या वेळी सुचली असती तर हा किस्साच झाला नसता.

आमच्या गावात नळयोजना होती. सहकारी पाणीपुरवठा संस्था काढून केलेली. तळ्याकाठी विहीर, तिथून पाइप, गावात खांबांवर उभी टाकी, दारोदार नळ. आणि आदल्या उन्हाळ्यापासून एकाही नळाला थेंब नाही. संस्थेचे चेअरमन रंगनाथराव. त्यांना विचारलं की एकच उत्तर. मेन लाइनचा व्हॉल्व्ह जाम झालाय, नवा पुण्याहून यायचाय. दिवाळीला विचारलं, व्हॉल्व्ह यायचाय. संक्रांतीला विचारलं, व्हॉल्व्ह निघालाय. त्यामुळं गावात व्हॉल्व्ह ह्या शब्दाला एकच अर्थ उरला होता. लहान लेकराला विचारलं असतं तरी त्यानं टाकीकडं बोट दाखवलं असतं.

आणि मोबाइलला रेंज कुठं यायची? फक्त दूध सोसायटीच्या पायरीवर. आणि टँकर कुठं उभा राहायचा? सोसायटीच्या पायरीसमोर.

त्या दिवशी टँकर यायचा होता. बायका हंडे लावून बसलेल्या. तेवढ्यात रशीदभाईंचा फोन आला. मी पायरीवर उभा राहून, एका कानात बोट घालून, मोठ्यानं बोललो. काय बोललो ते मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे, कारण नंतर गावानं ते मला पुष्कळ वेळा ऐकवलं.

"हां बोला. व्हॉल्व्ह सापडला? ओरिजिनल? वा... न्हाई न्हाई, जुना पार जाम झालाय, त्याच्यात काय राम न्हाई... एकच पीस हाय? मग दुसऱ्या गावच्या कुणी उचलला म्हणजे? त्याला म्हणावं धरून ठेव, मी उद्या पहिल्या गाडीनं येतो... बसवायला किती वेळ? तासाभरात चालू? फुल प्रेशरनं?... मग संध्याकाळीच बसवून टाकू. कुणाला बोलू नका सध्या."

फोन ठेवला. इतका वेळ नंबरावरून भांडणाऱ्या बायका माझ्याकडं वळून बघत होत्या. आमच्या शेजारच्या केशरकाकू हळूच पुढं आल्या.

"काशिनाथ, येतोय का रं उद्या व्हॉल्व्ह?"

केशरकाकू अधूनमधून आमच्याबरोबर गाडीतून बीडला यायच्या. मला वाटलं त्यासाठीच विचारतायत. मी म्हणालो, "येतोय काकू. मी स्वतः जाऊन आणतो."

काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "कुणी न्हाई केलं रं बाबा, तू केलंस."

त्यांचे डोळे भरून आलेले. मला जरा नवल वाटलं, पण वाटलं असेल बाई मायाळू. माणसाचा स्वतःविषयी किती लवकर चांगला समज होतो बघा.

संध्याकाळी चार घरांतून चहाला बोलावणं. कुणी वाटेत थांबवून म्हणालं, जपून जा. कुणी म्हणालं, पिशवी हातातून सोडू नको, बाजूच्या गावचे लोक लई बेकार हायेत. केशरकाकूंनी प्रवासाला म्हणून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी सुमनला म्हणालो, "बघ, आप्पांवर गावाचा किती जीव हाय." ती म्हणाली, "हो, मला बी आजच कळलं."

अंधार पडता पडता चेअरमन रंगनाथराव आले. बसले नाहीत.

"काशिनाथ, तू व्हॉल्व्ह आणायला चाललास म्हणं."

"चाललो."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? गरज मला हाय, मी आणतो."

"आरं पण घाई कशाला? बघू की जरा पाऊसपाणी झाल्यावर."

मला राग आला. माझा बाप मशीनवर जगतोय आणि हे म्हणतात पाऊस पडल्यावर बघू. मी म्हणालो, "चेअरमन, तुमच्या घरी दोन दोन हायेत. तुमाला दुसऱ्याचं काय वाटणार?"

मी त्यांच्या दोन गाड्यांविषयी बोललो होतो. पण त्यांचं तोंड एकदम उतरलं. "हळू बोल," म्हणाले, आणि निघून गेले. त्यांच्या घरामागं ताडपत्रीखाली टँकरच्या पाण्यानं भरलेल्या दोन टाक्या होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बीडला पोचलो. भंगारवाल्या चाचांनी पहिलंच विचारलं, "पुराना पीस लाए?"

मी आणला नव्हता. तो काढला तर गाडी दारातून हलणार नाही, म्हणून रशीदभाईंना मीच काढू दिला नव्हता. त्याऐवजी मोबाइलवर फोटो काढून आणला होता. चाचांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"ये भट्टी का फोटो है क्या?"

चाचांनी दोन व्हॉल्व्ह पुढं ठेवले. एक रबरी नळीवर चालणारा, कळकट, तोच रशीदभाईंनी धरून ठेवायला सांगितलेला. दुसरा वायरवर चालणारा, पिन असलेला, चकचकीत. म्हणाले, त्या गाडीत दोन्ही प्रकार यायचे. रशीदभाईंनी बघितलं असेल ते असेल, पण मिस्त्री बी चुकतो, तुमच्या गाडीत काय हाय ते बघून न्या.

रशीदभाईंना फोन लावला. ते गाडीखाली असणार, उचलला नाही. मग सुमनच्या मोबाइलवर लावला. घरात रेंज नसते, पण त्या दिवशी नशिबानं लागला. उचलला आप्पांनी. मागं पुष्कळ माणसांचा गलका.

"आप्पा, बॉनेट उघडून बघा बरं. व्हॉल्व्हला रबरी नळी लागलीय का वायर?"

थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, "दोन्ही दिसतंय."

"व्हॉल्व्हला काय हाय?"

"व्हॉल्व्ह कोणता?"

"तो काळा झालेला."

"काशा, आत सगळंच काळं हाय." मग दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, "थांबा, येतोय की," आणि फोन बंद झाला. परत लावला तर लागेना.

चाचा म्हणाले, घाई करू नका, जुना काढून उद्या घेऊन या. पण उद्या आप्पांचा डायलिसिसचा दिवस. चुकवून चालत नाही. एकदा चुकवला होता तेव्हा त्यांना रात्रभर बसवून ठेवावं लागलं होतं, आडवं केलं की छातीत पाणी भरायचं. गावभर पाणी नाही आणि ह्यांच्या छातीत पाणी. तेव्हा मी म्हणालो, आजच नेणार.

आणि मी निवड केली. दोन्ही हातात घेऊन तोलले. वास घेतला. नखानं खरवडलं. रशीदभाईंनी सांगितलेला कळकट बाजूला ठेवला आणि चकचकीत उचलला. दुधाची परीक्षा करणारा माणूस लोखंडाची परीक्षा तशीच करतो, काय करणार? चाचांनी तो नुसता गुंडाळून दिला.

एसटीनं परत निघालो. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर केशरकाकूंचा मुलगा बंडू मोटारसायकल घेऊन उभा. अंघोळ केलेला, धुतलेले कपडे, कपाळाला भस्म. बाप्या माणूस, दाढीसुद्धा आठ-आठ दिवस करत नाही, आणि आज असा.

"चला भाऊ लवकर," तो म्हणाला. "सगळे थांबलेत."

"कोण सगळे?"

"आख्खं गाव."

खेड्यात फाट्यावर कुणी न्यायला आलं आणि आख्खं गाव थांबलंय म्हणालं, तर त्याचा अर्थ काय होतो, तुम्हाला सांगायला नको.

"आप्पा?" मी विचारलं.

"आप्पांना टाकीपाशी नेलंय. खुर्चीत बसवलंय."

आता आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत, बसवतात. बसलेल्यालाच हार घालतात, भस्म लावतात आणि बसलेलाच नेतात. मी मोटारसायकलचा कॅरियर धरून उभा राहिलो.

"हार घातला?"

"घातला की. माझ्या आईनंच आणला. भस्म बी लावलं."

"कधी झालं?"

"दुपारीच. तुमचा फोन येऊन गेला ना, त्याच्यानंतर लगेच."

म्हणजे शेवटचं बोलणं झालं ते व्हॉल्व्हचं. काशा, आत सगळंच काळं हाय, एवढंच मला सांगून माझा बाप गेला.

"त्रास झाला का त्यांना?"

"पहिल्यांदा नको नको म्हणत होते. मग शांत झाले."

मला रडू फुटलं. बंडू गोंधळला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नका भाऊ. आज आनंदाचा दिस हाय." मला वाटलं, सुटले एकदाचे, असं म्हणतोय. आणि त्याचं म्हणणं मला पटलं, म्हणून मी आणखी रडलो. पिशवी पोटाशी धरून मागं बसलो.

टाकीपाशी खरोखर आख्खं गाव. मला बघून गर्दी दुभंगली. मधी प्लॅस्टिकच्या खुर्चीत आप्पा. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर भस्माचे पट्टे, मान जरा कलती, डोळे मिटलेले. मी पिशवी टाकून त्यांच्या पायांवर पडलो.

"आप्पा, मला उशीर झाला," मी म्हणालो.

"झालाच की," आप्पा म्हणाले. "केव्हाचा बसलोय, कंबर गेली माझी."

पुढं खरी वेळ आली तेव्हाही मी त्यांच्या तोंडाकडं असाच बघत राहिलो होतो, आता काहीतरी बोलतील म्हणून. पण ते जाऊ द्या.

मी तोंड वर केलं आणि तेव्हा मला हंडे दिसले. टाकीच्या खांबापासून पार मारुतीच्या देवळापर्यंत रांग. पितळी, स्टीलचे, प्लॅस्टिकचे, चिरलेले, डांबरानं बुजवलेले. रांगेत एक हंडा धरून सुमन उभी. माझी बायको. गाडीचा व्हॉल्व्ह आणायला जातो म्हणून मी सकाळी जिला सांगून निघालो, ती.

मागून मी तिला विचारलं, तुला तर माहीत होतं. ती म्हणाली, "माहीत होतं. पण सगळेच म्हणत होते. मला वाटलं, मलाच नीट ऐकू आलं नसंल."

आणि आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "ते मला बोलूच देईनात. आणि खरं सांगू का, सोसायटीचा डायरेक्टर होतो तेव्हा बी कुणी हार घातला न्हवता."

पण हे सगळं नंतर. त्या वेळी काय झालं, तर केशरकाकूंनी माझी पडलेली पिशवी उचलली, आतला पुडा काढला, कागद सोडला आणि व्हॉल्व्हला हळदकुंकू लावलं. मुठीएवढा व्हॉल्व्ह. शेजारी टाकीचा पाइप, माणसाच्या मांडीएवढा.

"एवढासाच?" कुणीतरी म्हणालं.

"आता बारीकच येतेत," बंडू म्हणाला. "वायर बी हाय त्याला. करंटवर चालत असंल."

लोकांना ते पटलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पायरीवरचा फोन, चहाची बोलावणी, भाकरी, चेअरमन, सगळं एकदम. वाटलं, गप्प बसावं आणि पळून जावं. पण कुठं पळणार? गाडी बंद होती.

मी म्हणालो, "काकू, हा गाडीचा हाय."

"कोणत्या गाडीचा?"

"आमच्या. आप्पांना बीडला न्यायची ती गाडी. तिचा व्हॉल्व्ह."

वारा होता, रिकामे हंडे जरा जरा वाजत होते. मला शिव्या पडतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. पण केशरकाकू मला सोडून चेअरमनकडं वळल्या. रंगनाथराव मागं उभे होते. त्यांना बोलावून आणलं होतं, नारळ फोडायला.

"चेअरमन, हा गाडीचा," काकू म्हणाल्या. "मग नळाचा कुठं हाय?"

"यायचाय."

"कावून न्हाई आला मग अजून? ह्यानं एका दिवसात आणला. गाडीचा का व्हयना, आणला तर. तुमी बंडूला पत्ता द्या, तो उद्या पुण्याला जातो."

"जातो मी," बंडू म्हणाला.

रंगनाथरावांच्या हातात नारळ होता. तो त्यांनी ह्या हातातून त्या हातात केला. मग म्हणाले, "व्हॉल्व्ह चांगला हाय."

"म्हंजी?"

"व्हॉल्व्हला काही झालेलं न्हाई. विहिरीलाच पाणी न्हाई. आदल्या उन्हाळ्यातच तळ लागला. तळं आटलं, विहीर आटली. नवी कुठं खांदावी तर खाली दगूड. मी काय करू? पाणीच न्हाई म्हणून सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं? गाव सोडून गेला असता."

मला वाटलं, आता हे लोक त्यांना धरणार. मी सुद्धा जरा बाजूला सरकलो, वाट मोकळी असावी म्हणून. पण कुणी हललं नाही. सगळ्यांनी वर टाकीकडं बघितलं, जणू तिथं कुणी राहत होतं आणि ते घर सोडून गेल्याचं आत्ताच कळलं.

मग केशरकाकू माझ्याकडं आल्या. व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला. हळदकुंकवासकट.

"कशाला आणलास रं बाबा तू व्हॉल्व्ह?" त्या म्हणाल्या. "तो यायचा होता तवर बरं होतं."

आणि आपला हंडा घेऊन चालायला लागल्या. त्यांच्यामागं बाकीचे. कुणी मला एक शब्द वाकडा बोललं नाही. मला ते फार लागलं. बंडूनं आप्पांना खुर्चीसकट घरी पोचवलं.

तुम्ही म्हणाल, जाऊ दे, निदान गाडीचं तरी झालं. थांबा.

त्या गोंधळात संध्याकाळचं बसवणं राहिलंच, दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई आले. पुडा सोडला. व्हॉल्व्ह हातात घेऊन उलटासुलटा केला. वायरची पिन बघितली, कुंकू बघितलं.

"सेक्रेटरी, पूजा का वास्ते लाए क्या ये?"

"का?"

"तुमारेवाला नळीका है. मैने धरून ठेवायला सांगितला तोच. ये वायरका. अब इसको बिठाने दुसरी गाडी लाओ."

मी ओट्यावर बसलो. आत आप्पा कपडे करून तयार. डायलिसिसची पिशवी, औषधं, घोंगडी, सगळं भरलेलं. आप्पांना बसवून गाडी सुरू केली, ती वेशीपर्यंत गेली आणि धूर सोडून उभी राहिली. एसटी निघून गेलेली. त्या वेळी टँकर रिकामा होऊन बीडकडं परत निघाला होता. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. ड्रायव्हरनं आप्पांना बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं. आम्ही दोघांनी त्यांना उचलून वर बसवलं. मागं मोकळी टाकी गडगडत होती. आप्पा उंच केबिनमध्ये बसून दोन्ही बाजूंचे बंधारे बघत होते, सगळे कोरडे. मला म्हणाले, "काशा, बरं दिसतं रं इथून." मी म्हणालो, काय दिसतं आप्पा? ते म्हणाले, "लांबवर."

तो दिवस त्यांचा निभावला.

योग्य व्हॉल्व्ह मग मी रीतसर आणला. ह्या वेळी जुना काढून कापडात बांधून नेला. चाचांनी दोन्ही शेजारी ठेवले, भोकाला भोक जुळवलं, आणि तोच कळकट परत पुढं सरकवला. तो मी कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून गावात आणला. रशीदभाईंनी घरामागं साडीचा आडोसा लावून बसवला. फोनवर आम्ही त्याला डबा म्हणायचो. डबा आला का, डबा बसला का, असं. गाडी चांगली चालायला लागली, चढावरसुद्धा. धूर बंद झाला. पण त्या गाडीत बसून गावातून जायला मला कित्येक दिवस जड जायचं. टाकीपाशी आलो की मी काच वर करायचो.

आता शेवटचं ऐका, मग चहा ओता.

रंगनाथरावांनी राजीनामा दिला. नवा चेअरमन निवडायला सभा बसली. कुणी उभं राहायला तयार नाही. पाणी नसलेल्या पाणीपुरवठा संस्थेचं चेअरमन कोण होणार? मग रंगनाथरावच म्हणाले, काशिनाथला करा. गाव त्याच्यावर आधीच नाराज हाय, आणखी एका माणसाला कशाला खराब करायचं? हे सगळ्यांना इतकं पटलं की बिनविरोध झालं. मीही हात वर केला, मागून लक्षात आलं की स्वतःलाच मत दिलं.

चेअरमन झाल्यावर मी ठरवलं होतं, लोकांना खरं तेच सांगायचं. पाणी नाही तर नाही. कारण सांगायचं नाही, तारीख सांगायची नाही.

पहिल्याच सकाळी सोसायटीच्या पायरीवर केशरकाकू आल्या. कमरेवर हंडा. टँकर अजून यायचा होता. माझ्याकडं बघितलं, वर टाकीकडं बघितलं.

"काय मग चेअरमन," त्या म्हणाल्या, "नळाला पाणी कवा?"

मी तोंड उघडलं. खरं ओठांवर होतं, तुमची शपथ. आणि मी म्हणालो, "काकू, विहिरीवरच्या मोटारीचा एक पार्ट यायचाय. पुण्याहून."

काकूंनी कमरेवरचा हंडा सावरला.

"व्हॉल्व्ह तर न्हाई ना?"

"न्हाई न्हाई, दुसरा."

"मग येऊ दे सावकाश," काकू म्हणाल्या. "तू मातर जाऊ नको आणायला."